भात पिकवणाऱ्याचा भात

मराठीत ‘भात’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. शेतात उभं असतं तेही भात आणि ताटात वाढलेला असतो तोही भात. एक नपुंसकलिंगी, दुसरा पुल्लिंगी. व्याकरणाच्या पुस्तकात फरक एवढाच. पण कोकणातल्या कुळाला विचारलं असतं, तर त्यानं सांगितलं असतं की ‘ते भात’ आणि ‘तो भात’ यांच्यामध्ये फार मोठं अंतर आहे. त्या अंतरात खोत बसलेला असे, सावकार बसलेला असे, सरकारचा सारा असे. या सगळ्यांना ओलांडून जे उरे, ते त्याच्या चुलीपर्यंत पोचे. पुष्कळदा ते पोचतही नसे.

आज मला या अंतराबद्दल बोलायचं आहे. त्यातही अलिबागजवळच्या चरी नावाच्या एका गावाबद्दल. चरी आणि भोवतालच्या २५ गावांतल्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी जवळजवळ सहा वर्षं खोतांच्या जमिनीत भात लावलंच नाही. गिरणीत संप होतो, गोदीत संप होतो, हे आपण ऐकलेलं असतं. शेतीचा संप, आणि तोही इतका लांबलेला, ही गोष्ट आपल्या देशात दुर्मिळ आहे. शाळेत मी इतिहास शिकलो, बी.ए.ला पुन्हा शिकलो. पण चरीचं नाव मला पाठ्यपुस्तकात भेटलं नाही. ते भेटलं घरातल्या मोठ्या माणसांच्या बोलण्यात. आमचं गाव चरीपासून बरंच दक्षिणेला, महाड-माणगावच्या बाजूला. तरी तिथवर या संपाची वार्ता पोचली होती.

हा संप समजून घ्यायचा तर आधी भाताची शेती समजून घ्यावी लागेल. ज्वारी-बाजरीसारखं भात पेरून मोकळं होता येत नाही. फाल्गुन-चैत्रात राब भाजायचा. झाडांचे टहाळ, पालापाचोळा, शेण आणि वर माती असे थर देऊन जमीन जाळायची, म्हणजे तण मरतं आणि राख मिसळते. रोहिणीत किंवा मृगाच्या तोंडावर राबात बी पेरायचं. तीन-चार आठवड्यांत आवण तयार होतं. तोवर शेतात पाणी तुंबवून, नांगर फिरवून चिखलणी करायची. मग आवण मुळासकट उपटायचं, त्याच्या जुड्या बांधायच्या आणि भरपावसात, कमरेत वाकून, एकेक चूड चिखलात लावत मागे मागे सरकायचं. लावणीचं हे काम मुख्यतः बायकांचं. त्यानंतर बेणणी. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी, मग भारे, उडव्या, झोडणी, वारवणी. बारा महिन्यांतले आठ महिने हे पीक माणसाला सोडत नाही.

अलिबाग-पेणच्या खाडीकाठावर याशिवाय आणखी एक काम असे. तिथली बरीचशी जमीन खारेपाटाची. समुद्राच्या भरतीला मातीचा बांध घालून माणसांनी ती मिळवलेली. बांधाला उघाडी ठेवायची. ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर जावं आणि भरतीला खारं पाणी आत येऊ नये, अशी ती दारं. पावसाळ्याच्या पाण्यानं मीठ धुऊन जातं आणि खाऱ्या मातीत ‘राता’सारखं लालसर दाण्याचं भात येतं. पण बांध एका ठिकाणी फुटला की एकाचं शेत बुडत नाही, गावाचं बुडतं. म्हणून बांध राखण्याचं काम गावकरी एकत्र करत. त्या सामाईक व्यवस्थेला ‘जोळ’ म्हणत. ही जोळाची गोष्ट आपण लक्षात ठेवू या. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

तर इतके कष्ट करणारा माणूस जमिनीचा मालक नव्हता. कोकणात खोती होती. खोत म्हणजे मुळात गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मध्यस्थ. ही वहिवाट इंग्रजांच्या आधीची. पण सारा वसूल करता करता खोत गावाचाच धनी होऊन बसला. १८८० साली इंग्रज सरकारनं खोतीचा कायदा केला. त्यात खोताचे हक्क मांडले, कुळांचे प्रकारही मांडले. कुणी कायम वहिवाटीचा, कुणी उपरी. कागदावर ही व्यवस्था नीटनेटकी दिसे. गावात मात्र कागद खोताच्या पेटीत असे आणि कूळ निरक्षर असे. कबुलायत लिहून घेतली जाई. जमीन तुमची, माझा तिच्यावर हक्क नाही, तुम्ही म्हणाल तेव्हा सोडीन, असं कूळ दरसाल लिहून देई आणि खाली अंगठा उठवी. ज्या शेतात त्याचा बाप राबला, आजा राबला, त्याच शेताबद्दल.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. खोत एकाच जातीचे होते असं कुणी समजू नये. ब्राह्मण खोत होते, मराठा खोत होते, प्रभू होते, आणि आमचे मुसलमान खोतही होते. कुळांतही कुणबी, आगरी, महार, मुसलमान असे सगळे होते. माझे आजोबा मुसलमान होते आणि त्यांचा खोतही मुसलमान. ईदच्या नमाजाला दोघं एका रांगेत उभे राहत. दुसऱ्या दिवशी आजोबा त्याच्या अंगणात उन्हात उभे असत आणि तो ओटीवर बसलेला असे. दादी सांगायची, पहिला पाऊस पडला की आधी खोताच्या शेतात लावणीला जावं लागे, फुकट. भाकरी आपल्या घरची बांधून न्यायची. त्याचं शेत लागलं की मग आपलं. तोवर आपलं आवण राबात वयस्क होऊन जाई. वयस्क आवण लावलं की फुटवे कमी येतात, पीक उतरतं. म्हणजे वेठीचा तोटा एका दिवसाच्या मजुरीपुरता नव्हता, तो पुढे कणगीपर्यंत जाई. इतिहासाच्या पुस्तकात ‘वेठबिगार’ असा एक शब्द असतो. त्या शब्दात आवण वयस्क झाल्याचं दुःख मला कधी सापडलं नाही.

आता आपण एक हिशेब मांडून पाहू. हा कुणा एका माणसाचा हिशेब नाही, समजण्यासाठी केलेला आहे. पण जुन्या लोकांना विचारलंत तर ते म्हणतील, साधारण असंच असे. जुनी मापं अशी : चार शेरांची एक पायली, बारा पायल्यांचा एक मण, वीस मणांची एक खंडी. समजा एका कुळाला तीन खंड्या भात झालं, म्हणजे साठ मण. अर्धेलीनं निम्मं खोताचं. उरलं तीस मण. पुढच्या वर्षीचं बियाणं बाजूला ठेवायचं, तीन मण. पावसाळ्यात खायला नव्हतं म्हणून बारा मण उसनं आणलं होतं. ते दिढीनं फेडायचं, म्हणजे अठरा मण. उरलं नऊ मण. लोहार-सुतार-न्हाव्याचं बलुतं, मीठ, तेल, कापड यांसाठी चार मण गेलं. उरलं पाच मण, म्हणजे साठ पायल्या. भात कांडलं की तांदूळ मापानं निम्माच राहतो, तेव्हा तीस पायल्या तांदूळ, १२० शेर. घरात सहा-सात माणसं, दिवसाला तीन शेर शिजवले तर चाळीस दिवस.

दिवाळीला भात घरात आलं, तर मार्गशीर्षाच्या पहिल्या पंधरवड्यात कणगी रिकामी. पुढे डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतली नाचणी आणि वरी. तीही संपली की कंद, पाला आणि खाडीतली मासळी. आणि पावसाळा सुरू झाला की पुन्हा खोताच्या नाहीतर सावकाराच्या दारात टोपली घेऊन उभं राहायचं. आपणच मळलेलं भात आपल्यालाच उसनं मिळे, दीडपटीनं परत करायच्या बोलीवर. दिढीचा हा फेरा एकदा सुरू झाला की पिढी संपे, फेरा संपत नसे.

अशा वेळी १९२९ नंतरची जगभरची मंदी आली. भाताचे भाव कोसळले. ब्रह्मदेशाचा तांदूळ मुंबई बंदरात उतरतच होता. रोकड कर्ज होतं तेवढंच राहिलं, पण ते फेडायला दुप्पट भात लागू लागलं. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, शेतकऱ्यांची संघटना त्याआधीच उभी राहू लागली होती. नारायण नागू पाटील हे तिचे प्रमुख. त्यांच्याबरोबर अनंतराव चित्रे यांच्यासारखे कार्यकर्ते होते. चित्रे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहात बाबासाहेब आंबेडकरांच्या बरोबर होते, हे मुद्दाम सांगतो. तळ्याचं पाणी आणि शेतातलं भात हे दोन वेगळे प्रश्न आहेत, असं त्या माणसांना वाटत नव्हतं. सभा गावोगाव होऊ लागल्या तशी सरकारनं सभाबंदी, भाषणबंदी केली. बंदीचा काळ सरल्यावर २७ ऑक्टोबर १९३३ रोजी चरीला सभा भरली. भोवतालच्या गावांतले शेतकरी जमले आणि त्या सभेत संपाचा निर्णय झाला. खोताची जमीन कसायची नाही.

हा निर्णय किती अवघड होता याचा विचार करा. गिरणी कामगार संपावर गेला तर मालकाचा माग थांबतो. इथे थांबणार होतं ते संपकऱ्याचंच पोट. शेत पडीक ठेवणं हे शेतकऱ्याच्या मनाला पटणारं नसतं. आमच्याकडे शेत ओसाड टाकणाऱ्याला बरं म्हणत नाहीत. घरात कुणी दगावलं असलं तरी दहाव्या दिवशी माणूस नांगर धरतो. मृगाचा पाऊस पडला, मातीला वास सुटला, आणि २५ गावांतल्या माणसांनी बैल गोठ्यात बांधून ठेवले. बाहेरून कुणी येऊन जमीन कसायला घेतली असती तर संप आठ दिवसांत मोडला असता. कुणी घेतली नाही. लावणी म्हणजे एका घराचं काम नव्हे. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, असा तो पैरा असतो. बांध राखायचा तर जोळ लागतो. एकत्र येऊन कामं करायची सवय ज्यांच्या हाडीमाशी होती, त्यांनी एकत्र येऊन काम थांबवलं.

मग ती माणसं जगली कशी? या प्रश्नाचं उत्तर मला संपाच्या निर्णयापेक्षाही मोठं वाटतं. पुरुष जंगलात जाऊन लाकडं तोडत. बायका मोळ्या डोक्यावर घेऊन बाजाराला जात. खाडीत मासळी धरत. मजुरी मिळेल तिथे करत. घरातलं किडूकमिडूक विकलं गेलं असेल, हे सांगायला इतिहासकार नको. उपासमार झाली, कर्ज झालं, तरी कबुलायतीवर अंगठा उठवायला कुणी गेलं नाही. या संपात बहुसंख्य शेतकरी आगरी समाजाचे होते. आगर म्हणजे मिठागर. मिठाच्या आणि खाऱ्या मातीच्या सोबतीनं राहणाऱ्या या लोकांना चिवटपणा शिकवावा लागला नाही.

डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले, शेतकऱ्यांच्या परिषदेत बोलले. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ साली ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र सुरू झालं. कुळाचं गाऱ्हाणं छापून यायला त्यामुळे हक्काची जागा मिळाली. त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोताला भरपाई द्यावी, पण जमीन कसणाराची व्हावी, असा त्याचा आशय होता. ते विधेयक मंजूर झालं नाही. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी कोकणातून आणि इतर भागांतून मुंबईला आले आणि त्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. डोक्याला मुंडासं, कमरेला लंगोटी आणि खांद्यावर घोंगडी असलेली माणसं राजधानीत येऊन आपल्या भाताचा हिशेब मागत होती. मुंबई ज्यांच्या जिवावर जेवते, ती माणसं बहुधा पहिल्यांदाच तिला इतक्या संख्येनं दिसली.

त्या वेळी प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं. महसूल खातं मोरारजी देसाईंकडे होतं आणि मोरारजी स्वतः चरीला येऊन गेले. १९३९ मध्ये संप मिटला. त्याच वर्षीच्या मुंबई कूळ कायद्यानं ‘संरक्षित कूळ’ ही गोष्ट कायद्यात आणली. ज्याला दरसाल ‘जमीन माझी नाही’ असं लिहून द्यावं लागत होतं, त्याला उठवायला आता कारण द्यावं लागणार होतं. पुढे १९४८ चा कूळ कायदा आला. त्यानं खंडाला मर्यादा घातली. कोरडवाहूला उत्पन्नाच्या एक तृतीयांश, बागायतीला एक चतुर्थांश. खोती १९४९ च्या कायद्यानं गेली. आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो तिचा मालक मानला गेला. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा सरकारी कागदावर आली.

अर्थात कायदा आला आणि सगळं गोड झालं, असं मी म्हणणार नाही. पुष्कळ ठिकाणी १९५७ येण्याआधीच कुळांकडून राजीनामे लिहून घेतले गेले. ‘मी स्वखुशीनं जमीन सोडत आहे’ असा मजकूर आणि खाली तोच जुना अंगठा. वि. म. दांडेकर आणि खुदनपूर यांनी या कायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी केली. ती १९५७ सालीच प्रसिद्ध झाली आणि तिच्यात या स्वखुशीच्या राजीनाम्यांवर नेमकं बोट ठेवलेलं आहे. ज्या गावांत संघटना होती तिथे कुळं टिकली, जिथे नव्हती तिथे ती कागदावरच गळून गेली. आणि ज्यांच्याकडे कुळाचाही हक्क नव्हता, जे दुसऱ्याच्या शेतात नुसते मजूर होते, त्या आदिवासी आणि दलित कुटुंबांच्या हाती या कायद्यानं फारसं काही पडलं नाही.

आमच्या घरात मात्र पडलं. जमिनीची किंमत आकाराच्या वीसपट ते दोनशेपट यांच्यामध्ये न्यायाधिकरण ठरवी आणि ती हप्त्यांनी भरता येई. माझ्या आजोबांनी ते हप्ते वर्षानुवर्षं भरले. शेवटचा हप्ता फिटल्यावर ‘बत्तीस म’चं प्रमाणपत्र मिळालं. कोकणातल्या घरांत हा कागद किती जपलेला असतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे. आमच्याकडे तो पत्र्याच्या पेटीत, जुझदानात गुंडाळून ठेवलेला असे. ज्या जुझदानात एरवी कुराणशरीफ ठेवतात तसल्याच. दादीला ना उर्दू वाचता येई ना मराठी. पण कुठला कागद कशासाठी आहे हे तिला बरोबर कळत असे. त्या वर्षापासून आमच्या घरी दिवाळीतलं भात पाडव्यापलीकडे पुरू लागलं, असं ती सांगे. पाडवा म्हणजे चैत्राचा. चाळीस दिवसांचे पाच-सहा महिने झाले. सामाजिक क्रांती म्हणतात ती आमच्या घरापुरती एवढीच होती, आणि ती पुष्कळ होती.

पण गोष्ट इथे संपत नाही. मालक झालेल्या कुळाला चार मुलगे झाले, त्यांना प्रत्येकी तीन. एकरांचे गुंठे झाले. भातावर भागेना म्हणून माणसं मुंबईला गेली. गिरण्यांत, गोदीत, बोटींवर. गावाकडची शेती मनीऑर्डरवर चालू लागली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या उठल्या आणि ती मनीऑर्डर आटली. आमच्या समाजातले तरुण सत्तरच्या दशकापासून आखातात जाऊ लागले. घरं सिमेंटची झाली, मुलं शिकली, हे चांगलंच झालं. पण लावणीला माणूस उरला नाही. दापोलीला १९७२ साली कृषी विद्यापीठ आलं, कर्जतच्या केंद्रानं भाताची सुधारित वाणं दिली, पनवेलच्या केंद्रानं खाऱ्या जमिनीत टिकणारी वाणं काढली. पीक वाढलं, पण पीक काढणारे हात कमी झाले. सरकारनं २०२५-२६ च्या हंगामासाठी साध्या भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरवली. दहा-वीस गुंठ्यांत होऊन होऊन किती क्विंटल होणार? लावणीच्या मजुरांचा रोज, नांगरटीचं भाडं, खत असं सगळं काढून गावात आज कुणी हिशेब मांडला, तर तो माझ्या दादीच्या चाळीस दिवसांच्या हिशेबापेक्षा वेगळा असेल. फार बरा असेल असं मात्र नाही.

आणि जमिनीवर नजर ठेवणारे आता नवे आहेत. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी पनवेल-उरण-ठाण्याच्या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी ठरल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात योग्य मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील होते. पुढे पेण-उरणकडे मोठ्या विशेष आर्थिक क्षेत्राची योजना आली. तेव्हा २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. चरीच्या नातवंडांनी रांगा लावून मतं दिली. पुढे ती योजना बारगळली.

मोठ्या योजनेला एकत्र येऊन नाही म्हणता येतं. एकेकट्याकडे येणाऱ्या दलालाला नाही म्हणणं कठीण. कुळकायद्यानं मिळालेली जमीन विकायची तर पूर्वी कलम ४३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागे. कुळाच्या हाती आलेली जमीन पुन्हा धनिकाकडे जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीसपट रक्कम भरा आणि परवानगीशिवाय विका. आकार किती असतो? काही रुपये. चाळीसपट म्हणजे काय ते तुम्हीच गुणून पाहा. ज्या जमिनीसाठी २५ गावं सहा वर्षं उपाशी राहिली, तिच्यावरचं कुलूप उघडायला एवढे पैसे पुरतात.

मी विकणाऱ्याला दोष देत नाही. माझ्या चुलतभावानं त्याचा वाटा विकला, मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी. ती आज नोकरी करते आणि आईबापाला सांभाळते. भातानं तिला ते दिलं नसतं. त्या वाट्यावर आता भिंत आहे, आत बंगला आहे आणि वर्षातले बरेच दिवस तो बंद असतो. भिंतीमुळे वरच्या शेताचं पाणी अडतं, म्हणून वरच्यानंही लावणी सोडली. त्याचा बांध ढासळला, मोकाट गुरं आणि रानडुकरं त्याच्या शेजाऱ्याकडे शिरू लागली, म्हणून त्यानंही सोडली. भातशेती एकट्याची नसतेच. खारेपाटात तर एका घरानं जोळात येणं सोडलं की उघाडीची डागडुजी राहते आणि खाडी आत येते. दोन-तीन पावसाळ्यांत तिथे तिवरं उभी राहतात.

म्हणून चरीचा संप मला आज वेगळ्या कारणासाठी आठवतो. रायगडात, रत्नागिरीत ऐन श्रावणात एस.टी.च्या खिडकीतून पाहिलं तर हिरव्या खाचरांच्या मध्ये मध्ये गवत माजलेली खाचरं दिसतात. वरून पाहणाऱ्याला १९३४ च्या पावसाळ्यातलं चरीही असंच दिसलं असेल. पण तेव्हाची शेतं २५ गावांनी ठरवून, एकमेकांना शब्द देऊन पडीक ठेवली होती. ‘आम्ही पिकवलेलं आम्हाला खाऊ द्या’ एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आजची शेतं ज्याची त्यानं, आपापल्या अडचणीत, कुणाला न विचारता सोडलेली आहेत. तो पडीकपणा कुणाकडेच काही मागत नाही; म्हणून त्याची दखलही कुणी घेत नाही, त्याच्यासाठी मंत्री गावात येत नाहीत.

काही ठिकाणी माणसं पुन्हा एकत्र येताना दिसतात. बचत गटाच्या बायका पडीक खाचरं मिळून कसायला घेतात, यंत्रानं लावणी करतात, लाल तांदूळ आपल्या नावानं विकतात. खारेपाटातले शेतकरी बांधाच्या दुरुस्तीसाठी सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात. या गोष्टी लहान आहेत, पण चरीची सुरुवातही एका गावातल्या एका सभेनं झाली होती. चरीनं आपल्याला जमीन मिळवून दिली, तीही एकत्र राहण्याच्या जोरावर. तो जोर सुटला तर सात-बाराच्या उताऱ्यावर नाव राहील आणि ताटातला तांदूळ दुकानातून येईल. आमच्या घरी तो आता दुकानातूनच येतो. पिशवीवर दूरच्या कुठल्यातरी गिरणीचं नाव असतं. ते भात कुणी लावलं, त्याच्या कणगीत किती दिवसांचं उरलं, हे त्या पिशवीवर छापलेलं नसतं. निदान आपण विचारत तरी राहावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)